आगबोटीचें तिकीट आणि विम्याचा कागद

गेल्या माघांतील गणेशजयंतीची गोष्ट. लेण्याद्रीचें दर्शन आटोपून आमचे धाकटे बंधु घोडेगांवाहून सहकुटुंब आमच्या जुन्नरच्या घरीं आले होते. चिरंजीव व सूनबाई पुण्याहून आलीं होतीं. आणि माजघरांत आपल्या नेहमींच्या पाटावर सत्त्याऐंशीं वर्षांच्या आमच्या काकू जपमाळ घेऊन बसल्या होत्या. आमची आई आम्ही लहान असतांनाच गेली; तेव्हांपासून आम्हां दोघां भावांना काकूंनींच वाढविलें. जेवणें झालीं, विडे झाले, आणि चिरंजीवांनीं एक बातमी सांगितली. आम्हां दोघां भावांना सपत्नीक सिंगापुराहून निघणाऱ्या सहलीच्या आगबोटीवर पाठवावें, असें त्यांनीं योजिलें होतें. चार रात्रींचा प्रवास; तेथवर विमानानें जावयाचें आणि विमानानेंच परत यावयाचें. अशा आगबोटीस हल्लीं सर्वजण ‘क्रूझ’ म्हणतात. तोच शब्द आम्हीहि वापरूं.

बातमी आनंदाची होती. पण तिच्या पाठोपाठ हिशेबाचा कागद आला. आदल्या वर्षीं ज्या प्रवासास माणशीं लाखाच्या आंत खर्च येईल असें चिरंजीवांस सांगण्यांत आलें होतें, त्यासच आतां माणशीं सव्वा लाख पडत होते. चौघांचे पांच लाख! निवृत्त शिक्षकाच्या घरांत ही रक्कम लहान नव्हे. तेव्हां कोठें काय कमी करतां येईल याचा शोध सुरू झाला, आणि सर्वांची दृष्टि एकाच ओळीवर जाऊन थांबली: ‘प्रवास-विमा, चौघांचा मिळून, नऊ हजार.’

बंधु म्हणाले, “अण्णा, ही ओळ तेवढी खोडून टाका. आपण कांहीं लढाईवर जात नाहीं. चार दिवस बोटीवर जेवायचं नि झोपायचं, त्याला विमा कशाला?”

सूनबाई म्हणाली, “काका, तो एकच खर्च असा आहे, कीं वाया गेला तर बरं वाटेल.”

मंडळींत दोन पक्ष पडले, आणि निर्णय आमच्यावर सोंपविण्यांत आला. आयुष्यभर मुलांना वाक्यांचें पृथक्करण शिकविलेल्या माणसास जें करतां येतें, तेंच आम्हीं केलें. विमापत्राच्या साऱ्या अटी मागवून घेतल्या आणि चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्या. त्या वाचनांतून आणि पुढें घरांत जें घडलें त्यांतून आम्हीं जें शिकलों, तें वाचकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. जोखमीचें मोल ठरविणें ही पाश्चात्त्यांनीं आणलेली टूम आहे, असें पुष्कळांस वाटतें. जुन्नरच्या रहिवाशानें तरी असें म्हणूं नये. आमच्या तालुक्यांतच नाणेघाट आहे. कल्याण व सोपारा या बंदरांत उतरलेला माल प्राचीन काळीं याच घाटानें देशावर चढत असे. घाटाच्या माथ्याशीं असलेल्या लेण्यांत सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे. जवळच दगडाचा एक मोठा रांजण आहे, आणि जकातीचें नाणें त्यांत टाकीत असत अशी परंपरेनें समजूत आहे. जुन्नरच्या लेण्यांत यवनांनीं दिलेल्या दानांचेहि लेख कोरलेले आहेत. सारांश, या डोंगरांतल्या गांवाचा समुद्रापलीकडच्या लोकांशीं जो संबंध, तो दोन हजार वर्षांचा आहे.

त्या काळच्या व्यवहारांत समुद्राची जोखीम कशी मोजीत, हें आमच्या शास्त्रग्रंथांत स्पष्ट नमूद आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत व्याजाचे दर दिलेले आहेत. दरमहा शेंकडा सव्वा हा धर्म्य दर. व्यापाऱ्यांचा व्यवहार असल्यास पांच. अरण्यांतून माल नेणारास दहा. आणि समुद्रावर जाणारास वीस. याज्ञवल्क्यस्मृतींतहि अरण्यास दहा व समुद्रास वीस असेच दर आहेत. मनूनें आंकडा न देतां असें म्हटलें आहे कीं, समुद्रप्रवासांत कुशल असलेले आणि देश, काळ व अर्थ जाणणारे लोक जो दर ठरवितील, तोच अशा व्यवहारांत प्रमाण मानावा. सव्वा आणि वीस यांमधील अंतर हा केवळ सावकाराचा लोभ नव्हे. जहाज बुडालें तर मुद्दलहि बुडेल, या भीतीचें तें मोल आहे. पुढें आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील व्यापारांत ‘जोखमी हुंडी’ चालूं लागली. माल सुखरूप पोंचला तर हुंडीचे पैसे द्यावयाचे. माल समुद्रांत गेला तर हुंडी विकत घेणाऱ्यानें तें नुकसान सोसावयाचें. सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनांत एडवर्ड लॉइड नांवाच्या गृहस्थाच्या कॉफीगृहांत जहाजांचे मालक व विमेकरी एकत्र बसूं लागले, आणि त्यांतून जगप्रसिद्ध ‘लॉइड्स’चा उदय झाला. आपला ‘विमा’ हा शब्द फारसींतून आला असला, तरी त्यामागील विचार आपणांस परका नव्हता.

मनूच्या त्या सांगण्यांत एक मर्म आहे. जाणत्यांनीं ठरविलेला दर म्हणजे त्या प्रवासाविषयींचें त्यांचें मत होय. दर कमी, तर वाट निर्धोक. दर वाढला, तर त्यांना कांहीं तरी दिसत आहे. आपण मात्र हप्त्याकडे केवळ खर्चाची रक्कम म्हणून पाहतों, आणि तें मत ऐकावयाचें राहून जातें. आमच्या घरीं हेंच कसें घडतां घडतां राहिलें, तें पुढें येईलच.

आतां विमापत्राकडे वळूं. त्याचे मुख्यतः तीन भाग असतात. पहिला भाग आजार व अपघात यांचा. रुग्णास आगबोटीवरून किनाऱ्यावर आणि जरूर तर स्वदेशीं आणण्याचा खर्च यांतच येतो. दुसरा भाग प्रवास रद्द करावा लागला किंवा अर्धवट सोडावा लागला, तर बुडणाऱ्या पैशांचा. तिसरा भाग सामान हरवणें, विमानास उशीर होणें अशा किरकोळ गोष्टींचा. विकणारा या तिन्हींची मोट बांधून एकच रक्कम सांगतो; घेणारानें मात्र ते वेगळे करून प्रत्येकास एकच प्रश्न विचारावा. हें नुकसान झालें, तर आमचें घर तें सोसूं शकेल काय?

आमच्यापुरतें उत्तर असें आलें. सामान हरवलें, तर चार लुगडीं, दोन सदरे व एक स्वेटर जाईल. वाईट वाटेल, पण चूल बंद पडणार नाहीं. प्रवास रद्द झाला, तर पांच लाखांतील बराच भाग जाईल. मोठा फटका खरा. चिरंजीवांना दोन वर्षें हात आंखडावा लागेल. परंतु घरावर कर्ज होणार नाहीं. पण परमुलुखांत हृदयाचा झटका आला, किंवा जिन्यावर पाय घसरून खुब्याचें हाड मोडलें, तर त्या खर्चास वरची मर्यादाच नाहीं. आगबोटीवर दवाखाना असतो, परंतु तेथील उपचार तिकिटाच्या पैशांत बसत नाहींत. त्यांचें बिल परकीय चलनांत आपल्या खोलीच्या खात्यावर चढतें. आपण घरीं वर्षानुवर्षें भरीत असलेला मेडिक्लेम बहुधा भारताच्या हद्दीपुरताच असतो. भर समुद्रांतून रुग्णास हेलिकॉप्टरनें न्यावें लागलें, तर कोणत्याहि शिक्षकाचें निवृत्तिवेतन पुरें पडणार नाहीं. म्हणून ज्या नुकसानानें घर हलेल, त्याचा विमा उतरावा. ज्यानें फक्त मन खट्टू होईल, तें आपणच सोसावें. व्यापारी जोखमी हुंडी विकी, ती जहाजावरील मालाची. खिशांतल्या सुपारीची नव्हे.

कोणी म्हणेल, हें सर्व खरें. पण सगळेंच महागलें असतां कोठें तरी कात्री लावलीच पाहिजे. येथें महागाईचें स्वरूप समजून घेतलें पाहिजे. २०१४ च्या सुमारास एक डॉलर साठ रुपयांच्या आसपास मिळत असे. २०२५ च्या डिसेंबरांत तो नव्वद रुपयांच्या पार गेला. परदेश-प्रवासाचें विमापत्र बहुधा डॉलरांत लिहिलेलें असतें. पन्नास हजार डॉलरांचें संरक्षण म्हणजे त्या वेळीं तीस लाख रुपये, आतां पंचेचाळीस लाख. म्हणजे ज्या कारणानें तिकीट महाग झालें, त्याच कारणानें तेथील रुग्णालयाचें बिलहि आपल्या रुपयांत तेवढेंच फुगलें आहे. शिवाय वयाची साठी उलटली कीं हप्ता चढतो, आणि सत्तरीनंतर आणखी चढतो. अशा वेळीं विम्याची ओळ प्रथम खोडणें म्हणजे पाऊस वाढला म्हणून छत्री विकण्यासारखें आहे. कात्री लावावयाचीच असेल, तर सज्जा असलेल्या खोलीऐवजीं आंतली खोली घ्यावी, एक रात्र कमी करावी, सामानाच्या विम्याचा जादा भाग गाळावा. आजाराच्या भागास हात लावूं नये.

येथपर्यंत आमचा विचार ठरला होता, आणि आम्हीं तसें मंडळींस सांगितलेंहि. चिरंजीवांनीं लगेच मोबाईलवर अर्ज उघडला आणि एकेक प्रश्न मोठ्यानें वाचून उत्तरें भरावयास आरंभ केला. नांव, जन्मतारीख, पासपोर्टाचा क्रमांक. मग प्रश्न आला, ‘पूर्वीं कांहीं आजार? मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार?’ बंधु चटकन म्हणाले, “नाहीं लिही.”

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं धाकटी भावजय उभी होती. ती कधीं चारचौघांत मोठ्यानें बोलत नाहीं. हातांतलें तबक खालीं ठेवून ती म्हणाली, “अण्णा, त्याला ‘होय’ लिहायला सांगा.”

मग सर्व उलगडा झाला. दोन वर्षांपूर्वीं बंधु पाठदुखीच्या तपासणीसाठीं म्हणून आठ दिवस पुण्यास राहिले होते. तपासणी पाठीची नव्हती; हृदयाच्या रक्तवाहिनींत स्टेंट बसविला होता. काकूंना धक्का बसेल, अण्णा रात्रंदिवस काळजी करतील, म्हणून नवराबायकोनें तें आपल्यांतच ठेवलें होतें. आम्हांस राग आला. परंतु तो बोलून दाखविण्यास तोंड उघडलें, आणि आमच्याच कपाटांतील मधुमेहाच्या गोळ्यांची आठवण झाली. त्या आम्ही दीड वर्षापासून घेत आहों, आणि घरांत त्या ‘शक्तीच्या’ म्हणून ठाऊक होत्या. तें आम्हीं त्याच बैठकींत सांगून टाकलें. आमच्या कुटुंबानें आमच्याकडे ज्या नजरेनें पाहिलें, तिचें वर्णन येथें करीत नाहीं.

या ठिकाणीं वाचकांस कळकळीनें एक गोष्ट सांगावयाची आहे. विम्याचा करार इतर करारांहून निराळा आहे. बाजारांत वस्तु घेतांना पारखून घेणें हें घेणाराचें काम. येथें मात्र विकणारास आपल्या शरीराची कांहींच माहिती नसते, ती सारी आपणांसच असते. म्हणून आपल्या देशाच्या १९६३ च्या सागरी विमा कायद्यांतहि विमा हा परम सद्भावाचा करार आहे असें सांगितलें आहे, आणि तेंच तत्त्व इतर विम्यांसहि लागू आहे. आमच्या एका आप्तांनीं मुलीकडे परदेशीं जातांना मधुमेह लिहिला नाहीं. हजार-दोन हजार वांचतील एवढाच विचार. तेथें पायास जखम झाली, ती चिघळली, रुग्णालयांत पंधरा दिवस राहावें लागलें. कंपनीनें येथील डॉक्टरांचे जुने कागद मागविले, आणि दावा नाकारला. त्या खर्चासाठीं त्यांना घोडनदीकांठची अडीच एकर जमीन विकावी लागली. कंपनी निष्ठुर होती असें आम्हांसहि त्या वेळीं वाटलें. पण आज अर्जांतील तो प्रश्न वाचल्यावर दोष कोणाकडे होता, हें आम्हांस मनांतल्या मनांत कबूल करावें लागतें.

आमचा अर्ज खरा भरला गेला. दुसऱ्या दिवशीं उत्तर आलें. नऊ हजारांचे चौदा हजार झाले. आणि बंधूंच्या बाबतींत अट पडली कीं, जुन्या हृदयविकारामुळें जीवावरचा प्रसंग आला तरच, आणि तोहि एका ठराविक रकमेपर्यंतच, खर्च मिळेल. म्हणजे ज्या एका संकटासाठीं आम्ही विमा घेणार होतों, नेमकें तेंच संकट अर्धें उघड्यावर राहिलें.

बंधु चिडले. “खरं बोलून काय मिळालं?” असें त्यांनीं विचारलें. आम्हांस मात्र मनूचे ते समुद्रप्रवासकुशल आठवले. देश, काळ व अर्थ जाणणाऱ्यांनीं आम्हांस आपलें मत चोख आंकड्यांत कळविलें होतें: या गृहस्थांस घेऊन दूरच्या समुद्रावर जाणें धोक्याचें आहे. ‘नाहीं’ लिहिलें असतें, तर नऊ हजारांत खोटें समाधान मिळालें असतें आणि हें मत कळलेंच नसतें. आम्ही बंधूंना घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे गेलों. त्यांनीं प्रवासास बंदी केली नाहीं. पण चांगलें रुग्णालय तासाभराच्या वाटेवर नसेल अशा ठिकाणीं एवढ्यांत जाऊं नका, असें स्पष्ट सांगितलें.

याच सुमारास अटी वाचतां वाचतां आणखी एक शब्द आम्हांस अडला, आणि एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांनीं तो विशेष ध्यानांत ठेवावा. निकटच्या नातेवाईकाच्या आजारामुळें किंवा मृत्यूमुळें प्रवास रद्द झाल्यास पैसे मिळतील, असें विमापत्र सांगतें. पण ‘निकटचा नातेवाईक’ कोण, याची व्याख्या मागच्या पानावर बारीक अक्षरांत असते. पति, पत्नी, मुलें, आईबाप, कोठें भाऊबहीण. आमच्या हातीं असलेल्या कागदांत चुलती नव्हती. ज्या माउलीनें आम्हां दोघांस न्हाऊं-माखूं घातलें, त्या काकू आजारी पडल्या तर आम्ही पाऊल बाहेर टाकणार नाहीं. पण विम्याच्या लेखीं त्या आमच्या कोणीच नव्हत! तसेंच सुतकाचें. निघण्याच्या दोन दिवस आधीं चुलत घराण्यांत कोणी गेलें, तर आपण दहा दिवस घरीं बसूं. परंतु विमेकऱ्यास सोयरसुतक ठाऊक नाहीं. आपलें कुटुंब आणि विम्याचें कुटुंब हीं दोन निराळीं आहेत. म्हणून ज्यांच्या घरीं वृद्ध चुलती, आत्या किंवा मामा आहेत, त्यांनीं रद्द करण्याच्या विम्यावर विसंबूं नये. तिकिटाच्याच अटी सौम्य आहेत काय, किती दिवस आधीं कळविल्यास किती पैसे परत मिळतात, हें पाहून ठेवावें. क्रूझच्या बाबतींत निघण्याचा दिवस जसजसा जवळ येतो, तसतसा बुडणारा हिस्सा वाढत जातो. आणि मन बदललें, एवढ्या कारणासाठीं तर सामान्य विमापत्र एक पैसाहि देत नाहीं.

ज्ञात संकटांचेंहि असेंच. २०२० च्या फेब्रुवारींत ‘डायमंड प्रिन्सेस’ ही क्रूझ जपानांतील योकोहामा बंदरांत अडकून पडली. तिच्यावर ३,७११ माणसें होतीं, आणि त्यांपैकीं सातशेंहून अधिक जणांस कोरोनाची बाधा झाली. संकट जगजाहीर झाल्यावर त्याच संकटाचा विमा घेऊं गेलें तर तो मिळत नाहीं. आग लागलेल्या घराचा विमा कोण उतरील? २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रांत जहाजांवर हल्ले होऊं लागले, आणि कित्येक आगबोटींना आफ्रिकेला वळसा घालून जावें लागलें. अशा वेळीं भाडीं वाढतात. पण युद्धामुळें होणारें नुकसान बहुतेक विमापत्रांतून वगळलेलें असतें. म्हणजे ज्या भीतीनें भाव वाढला, त्या भीतीपुरता तो कागद कोराच. क्रूझची कंपनीच बंद पडली, तर काय? २०१९ सालीं मुंबईहून सुटूं लागलेली ‘कर्णिका’ ही क्रूझ पुढल्याच वर्षीं थांबली आणि अलंगच्या किनाऱ्यावर मोडीत निघाली. कंपनीच्या दिवाळखोरीचें नुकसान विमापत्रांत आहे कीं नाहीं, हें पैसे भरण्यापूर्वींच विचारावें.

हें सर्व ऐकून काकूंनीं जपमाळ खालीं ठेविली. काकूंचें माहेर अलिबागेकडचें. त्या म्हणाल्या, “तुमच्या विम्यानं बोट बुडायची थांबते का रे?” १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वाटेंत उलटून बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. काकू तेव्हां नऊ वर्षांच्या होत्या. त्या दिवशीं आमच्या आळींतल्या दोन घरांत दिवा लागला नाहीं, एवढेंच त्या सांगतात. त्यापुढें बोलत नाहींत.

काकूंच्या प्रश्नास उत्तर एकच: नाहीं, थांबत नाहीं. विमा म्हणजे सुरक्षितता नव्हे. आणि बोट कशी आहे, ऋतु कोणता आहे, हें आधीं पाहावें. पण त्यांच्या प्रश्नाबरोबर आम्हांस आमच्याच शेजारचें माळीण आठवलें. ३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं आंबेगांव तालुक्यांतील तें गांव डोंगराच्या मातीखालीं गेलें. दीडशेंहून अधिक माणसें दगावलीं. पुढें सरकारनें व लोकांनीं मदत केली, वांचलेल्यांचें पुनर्वसनहि झालें; तसें होणें उचितच होतें. परंतु अशी मदत मिळणें दुसऱ्याच्या मनावर असतें. ती केव्हां व किती, हें आपल्या हातीं नसतें. विम्याचा दावा हा आपण आधीं मोल देऊन मिळविलेला हक्क असतो. गेलेलें माणूस दोहोंनींहि परत येत नाहीं. मागें राहिलेल्यांना मात्र कोणापुढें हात पसरावा लागतो कीं नाहीं, हा फरक उरतो. आणि संसारांत तो लहान नाहीं.

तर आमचा निर्णय काय झाला, तें सांगतों. सिंगापूर रहित केलें. त्याऐवजीं येत्या कार्तिकांत मुंबईहून गोव्यास जाणाऱ्या क्रूझनें चौघांनीं दोन रात्रींचा प्रवास करावयाचा, असें ठरलें. खर्च निम्म्याहून कमी; किनारा फार दूर नाहीं; काकूंचें कांहीं कमीजास्त झालें, तर गोव्याहून दुसऱ्या दिवशीं घरीं परततां येईल. देशांतलाच प्रवास असल्यामुळें किनाऱ्यावरील रुग्णालयांत आमचा नेहमींचा मेडिक्लेम चालेल, हें आम्हीं कंपनीकडून लेखी मागवून घेतलें. परंतु बोटीवरील दवाखाना विम्याच्या भाषेंत ‘रुग्णालय’ ठरेलच असें नाहीं. तेवढ्यापुरता एक लहानसा प्रवास-विमा, सारे आजार खरे लिहून, घ्यावयाचा आहे. सामानाचा भाग गाळला.

ज्यांना असा विचार करावयाचा आहे, त्यांच्यासाठीं दोन-चार सूचना. विमापत्र प्रवास सुरू होण्यापूर्वीं, आणि रद्द करण्याचा भाग हवा असल्यास पहिला पैसा भरतांनाच घ्यावें. वारसाचें नांव भरावयास विसरूं नये. रेल्वेचें तिकीट मोबाईलवर काढतांना २०१६ पासून रुपयाहूनहि कमी हप्त्यांत विमा मिळूं लागला, आणि अपघाती मृत्यु आल्यास दहा लाखांपर्यंत रक्कम आहे. पण पुष्कळ लोक चौकटींत खूण करतात आणि मागाहून येणाऱ्या संदेशांत वारसाचें नांव लिहावयाचें राहूनच जातें. विमापत्राची एक प्रत घरीं ठेवावी, एक जवळ बाळगावी. परदेशीं रुग्णालयांत दाखल होतांच कंपनीस कळवावें. बिलें व डॉक्टरांचे कागद जपावे. दावा अन्यायानें नाकारला असें वाटल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरांत समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जातां येतें. त्यांचें कार्यालय पुण्यास आहे. तेथें फी नाहीं, वकील लागत नाहीं, आणि पन्नास लाखांपर्यंतच्या तक्रारी ऐकल्या जातात. मात्र कंपनीच्या अखेरच्या उत्तरापासून एक वर्षाच्या आंत गेलें पाहिजे.

आणि सर्वांत महत्त्वाची सूचना ही कीं, तो अर्ज एकट्यानें भरूं नये. घरांतील सर्व मंडळींस बसवून, प्रश्न मोठ्यानें वाचून भरावा. आमच्या घरांत दोन भाऊ एकाच छपराखालीं वाढले, आणि एकमेकांचे आजार त्यांना कळले ते एका अनोळखी कंपनीनें विचारले म्हणून! काकूंना सर्व कळलें, आणि त्यांना धक्का वगैरे कांहीं बसला नाहीं. त्यांनीं इतकेंच सांगितलें कीं, औषधें पेटींत न ठेवतां हातांतल्या पिशवींत ठेवा.

आमच्या कुटुंबानें या प्रवासासाठीं हौसेनें पासपोर्ट काढला होता, आयुष्यांतला पहिलाच. निर्णय झाला त्या रात्रीं तिनें तो रुमालांत गुंडाळून ट्रंकेंत ठेवला. आम्हांस वाईट वाटलें, आणि आम्हीं तसें म्हणालों. ती म्हणाली, “दहा वर्षांचा आहे. अजून साडेनऊ वर्षं आहेत. आधीं तुमची साखर खालीं येऊं द्या.”